नको तिथली ठिणगी

आमच्या घरातलं शिवणयंत्र गेली कित्येक वर्षं शिवण सोडून बाकी सगळ्या कामांना उपयोगी पडत आलं आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात, लाइटबिलं ठेवतात आणि पाहुणे आले की वर चादर टाकून त्याचं टेबल करतात. त्यामुळे एका रविवारी दुपारी ते यंत्र चक्क चालू असल्याचा आवाज आला, तेव्हा मी दचकून उठलो. पाहतो तो काय, आमचा भाचा चिनू पायानं यंत्र मारतो आहे आणि हातचाकाला अडकवलेल्या रिळावर केसासारखी बारीक तांब्याची तार सरासर गुंडाळली जाते आहे.

"हे काय रे?"

"हाय व्होल्टेज कॉइल, मामा."

"हाय म्हणजे किती हाय?"

"दहा हजार व्होल्ट तरी," चिनू म्हणाला. वाण्याकडे अर्धा किलो साखर मागावी इतक्या सहज.

चिनू आमच्याकडे डिप्लोमा करायला राहतो. मी पडलो बी. कॉम. विजेशी माझा संबंध बिलाच्या शेवटच्या तारखेपुरता. पण मुलाची आई माझी धाकटी बहीण, आणि तिनं पोरगा माझ्या भरवशावर पाठवलेला. तेव्हा हे दहा हजार व्होल्ट माझ्या खात्यावर पडणार हे उघड होतं. मी समोर बसलो आणि म्हटलं, समजावून सांग.

प्रकरण दिसायला साधं होतं. मधे लोखंडाचा गाभा. त्यावर जाड तारेचे दोनशे वेढे. त्यावर बारीक तारेचे हजारो वेढे. किती हजार ते नक्की नाही, कारण मोजता मोजता मामीनं जेवायला हाक मारली आणि पाच हजार तीनशे की सहा हजार तीनशे हा घोळ कायमचा राहून गेला. जाड तारेत बॅटरीचा प्रवाह सोडायचा. जुन्या विजेच्या घंटीत असते तशी एक पट्टी तो प्रवाह सारखा तोडते आणि जोडते. प्रत्येक वेळी प्रवाह तुटला की बारीक तारेत प्रचंड दाब तयार होतो आणि तिच्या दोन टोकांमध्ये ठिणगी उडते. उडायला हवी.

संध्याकाळी उद्घाटन झालं. बॅटरी बारा व्होल्टची. पट्टी मधमाशीसारखी गुणगुणायला लागली. आम्ही दोघं श्वास रोखून टोकांकडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली. ठिणगी नाही. टोकं जवळ आणली, लांब नेली. गुणगुण चालू, ठिणगी नाही. मधेच आतून 'टिक' असा आवाज आला एवढंच.

चिनूनं डोकं खाजवलं आणि तो म्हणाला, "व्होल्टेज कमी पडतंय मामा. बॅटरी काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावू या का?"

माझ्या पाठीतून जी काही वीज गेली ती दहा हजार व्होल्टच्या वरचीच असावी.

"आठ दिवस थांब," मी म्हटलं. कारकुनाला कुठल्याही संकटावर सुचणारा हा पहिला उपाय. आणि मग त्या आठ दिवसांत मी कॉइलचा इतिहास वाचून काढला. विज्ञानाचा इतिहास हा कॉमर्सवाल्याला झेपणारा विज्ञानाचा एकमेव भाग. त्यात समीकरणं नसतात, माणसं असतात. आणि माणसांच्या चुका शोधण्यातच आमची हयात गेलेली.

वाचल्यावर जीव भांड्यात पडला. कारण कळलं ते असं, की ही कॉइल पहिल्या दिवशी नीट चालली असं जगात कुणाच्याच बाबतीत झालेलं नाही.

मूळ गोष्ट फॅरडेची. हा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, शाळा जेमतेम. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यानं एका लोखंडी कड्यावर दोन बाजूंना दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याशी चुंबकसुई ठेवली. त्याला वाटलं, इकडे प्रवाह चालू असेपर्यंत तिकडेही चालू राहील. पण सुई हलली ती फक्त जोडताना आणि तोडताना. मधल्या वेळात ढिम्म. म्हणजे वाहणाऱ्या प्रवाहाला काडीची किंमत नाही, किंमत आहे ती बदलाला. आणि बदल जितका झटपट, तितका दाब जास्त. बसमध्ये उभं राहून प्रवास करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरनं हळूहळू ब्रेक लावला तर कुणाला पत्ताही लागत नाही. कचकन लावला तर मागच्या सीटवरचा माणूस पुढच्या काचेशी परिचय करून घेतो. ही कॉइल म्हणजे सेकंदाला अनेक वेळा कचकन ब्रेक लावणारी बस आहे.

पण खरी कॉइल केली ती एका धर्मगुरूनं. आयर्लंडात मेनूथ नावाचं गाव आहे. तिथं पाद्री तयार करण्याचं मोठं कॉलेज होतं, त्यात निकोलस कॅलन हे पदार्थविज्ञान शिकवत. १८३६ मध्ये त्यांनी आपली कॉइल तयार केली. चुंबकासाठी लागणारं नालाच्या आकाराचं लोखंड गावच्या लोहारानं घडवून दिलं. प्रवाह तोडा-जोडायला घड्याळाच्या धर्तीची यंत्रणा, सेकंदाला वीस वेळा. रेशीम गुंडाळलेली तांब्याची तार महाग पडते म्हणून पुढे त्यांनी लोखंडाची साधी तार घेतली आणि ती राळ व मधमाश्यांच्या मेणाच्या मिश्रणातून काढून तिला आवरण दिलं. एकूण मध्यमवर्गीय मनुष्य. मला तर कॅलन फादर एकदम आपल्या आळीतले वाटायला लागले.

एकच अडचण होती. दाब मोजायचा कसा? त्या काळी एवढा दाब मोजणारं उपकरण नव्हतं. फादरांनी यावर कुठल्याही मास्तराला सुचेल असा उपाय काढला: विद्यार्थी. मुलांनी एकमेकांचे हात धरून रांगेत उभं राहायचं आणि टोकं धरायची. जितकी मुलं उडतील तितका दाब. असं सांगतात, की विल्यम वॉल्श नावाचा एक विद्यार्थी असाच बेशुद्ध पडला. तो पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला, तेव्हा फार काही बिघडलं नाही म्हणायचं. पण कॉलेजनं कान उपटले आणि त्यानंतर फादर कोंबड्यांवर आले. सहकारी म्हणत, हा मनुष्य वेळ फुकट घालवतो. फादरांनी मनावर घेतलं नाही. ते एकीकडे धार्मिक पुस्तकांची भाषांतरं करत राहिले आणि एकीकडे पंधरा पंधरा इंचांच्या ठिणग्या पाडत राहिले. १८६४ साली ते वारले आणि जग त्यांना विसरलं. श्रेय मिळालं ते विसाव्या शतकात. त्यांच्या कॉइली मेनूथच्या संग्रहालयात आहेत.

मी हे सगळं चिनूला सांगितलं. विद्यार्थ्यांचा भाग गाळून.

"पण मामा, आपली का चालत नाही?"

"गाभा काय घातलायस?"

गाभा म्हणून त्यानं अंगठ्याएवढा जाड बोल्ट घातला होता. हात लावला तर कोमट. ही पहिली चोरी! १८३७ च्या सुमाराला इंग्लंडात बाखहोफनर नावाच्या गृहस्थाच्या लक्षात आलं होतं, की भरीव गाभा नीट काम देत नाही. भरीव लोखंडात प्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ताकद तिथंच गरम होऊन वाया जाते. भरीव दांड्याऐवजी बारीक तारांची जुडी घातली की हे भोवरे बंद. आम्ही समोरच्या बांधकामावरून सळ्या बांधायची तार मागून आणली, तिचे वीतभर तुकडे केले, प्रत्येकावर वार्निश मारलं आणि खराट्यासारखी जुडी आवळून आत घातली. गुणगुण जरा खणखणीत झाली. ठिणगी नाही. आतून मात्र आता 'टिक, टिक' दोनदा.

हा 'टिक' काय, हे समजायला अमेरिकेपर्यंत जावं लागलं. बारीक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत, मग पुन्हा, अशी थरावर थर गुंडाळली की काय होतं, पहिल्या थराची सुरुवात आणि दुसऱ्या थराचा शेवट हे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात. दोघांत हजार वेढ्यांचा दाब. मग ठिणगी बाहेर लांब कशाला जाईल? ती आतल्या आतच उडी मारते आणि तारेचं आवरण जाळून टाकते. बाहेरची टोकं फार लांब ठेवली तर आणखीच. बॉस्टनच्या एडवर्ड रिची नावाच्या कारागिरानं १८५७ मध्ये यावर उपाय केला. अख्खी तार एका लांबलचक रिळावर न गुंडाळता पातळ पातळ चकत्यांमध्ये गुंडाळायची आणि त्या चकत्या गाभ्यावर एकापुढे एक ओवायच्या, मधे आवरण. मग सुरुवात आणि शेवट दोन टोकांना, त्यांची गाठच पडत नाही. हीच पद्धत पुढे चालली. १८७७ मध्ये लंडनच्या अ‍ॅप्सनं स्पॉटिसवुड साहेबांसाठी केलेल्या कॉइलीत २८० मैल तार होती आणि ठिणगी ४२ इंच पडत होती. २८० मैल! आमच्या शिवणयंत्राचा पाय निखळला असता.

पुन्हा तार उलगडली. जळालेला तुकडा काढून जोड दिला. पुठ्ठ्याच्या आठ चकत्या, देवघरातल्या मेणबत्त्यांचं मेण वितळवून त्यात बुडवलेला कागद, आणि पुन्हा शिवणयंत्र. या वेळी हिशेब मी ठेवला: दर चकतीला सातशे, वहीत नोंद, खाली सही. आतला 'टिक' बंद झाला.

आणि ठिणगी? तीही बंदच.

चिनूचा चेहरा उतरला. एवढं तीन आठवड्यांत त्याचं अभ्यासात मन नव्हतं, वर्गात मित्रांना 'बघाच' म्हणून सांगून बसला होता. रात्री मी पाणी प्यायला उठलो तर हा अंधारात बसलेला, मांडीवर कॉइल, आणि हातात कपाटातून काढलेली तीन पिनांची वायर. भिंतीतलं सॉकेट वीतभरावर.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर त्यानं ते मी कामावर गेल्यावर केलं असतं. मी शेजारी बसलो, वायर काढून घेतली आणि म्हटलं, "तुला व्हाइटहाउसची गोष्ट सांगायची राहिली."

वाइल्डमन व्हाइटहाउस. हा मूळचा इंग्लंडातल्या ब्रायटनचा शल्यविशारद. विजेचा नाद लागला आणि अटलांटिक महासागराच्या तळातून तार टाकणाऱ्या कंपनीचा मुख्य वीजतज्ज्ञ झाला. दोन गलबतांनी ती तार टाकली. मधे किती वेळा तुटली! शेवटी ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत दोन हजार मैलांची तार जोडली गेली. न्यूयॉर्कमध्ये एवढी दारू उडवली की सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेच्या अध्यक्षांना अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला सोळा तास लागले. बँकेतून चालत जाऊन निरोप सांगून यावं तसं.

कारण सिग्नल फार मंद येत होता. आता इथं दोन माणसं होती. एक विल्यम टॉमसन, ग्लासगोचा प्राध्यापक. तो म्हणाला, सिग्नल मंद असेल तर घेणारं उपकरण नाजूक करा. त्यानं तांदळाएवढ्या चुंबकाला इवलासा आरसा चिकटवून त्यावर दिवा सोडला. आरसा केसभर हलला तरी भिंतीवरचा कवडसा वीतभर सरके. दुसरा व्हाइटहाउस. तो म्हणाला, सिग्नल पोचत नाही म्हणजे धक्का कमी पडतो. धक्का वाढवा. त्याच्याकडे पाच पाच फूट लांबीच्या कॉइली होत्या. त्या लावून त्यानं सुमारे दोन हजार व्होल्ट समुद्रात सोडले.

तारेचं गटापर्च्याचं आवरण आधीच ठिकठिकाणी कच्चं होतं. उन्हात पडून, गुंडाळून-उलगडून त्याचे हाल झालेले. ज्या भोकांतून वीज थोडी थोडी गळत होती तिथं हा दाब गेला आणि भोकांची भगदाडं झाली. काही आठवड्यांत तार कायमची गप्प. त्यातही गंमत अशी, की व्हाइटहाउस संदेश घ्यायला गुपचूप टॉमसनचाच आरसा वापरत होता आणि मग तो आपल्या यंत्रावर उतरवून दाखवत होता. कंपनीनं त्याला काढून टाकलं. तारेची बांधणी वाईट होती, एकट्या त्याच्या माथी मारणं पूर्ण न्याय्य नाही, हेही खरं. पण शेवटचा घाव त्याचा.

"बिचारी तार," चिनू म्हणाला.

"मरता मरता तिनं एक काम केलं," मी म्हटलं. "आपल्याकडे १८५७ चा उठाव झाला होता, म्हणून इंग्रजांनी कॅनडातल्या दोन पलटणींना मायदेशी निघण्याचा हुकूम दिलेला. १८५८ च्या ऑगस्टअखेरीला तो हुकूम या तारेनं रद्द केला. पलटणी हलवण्याचा सुमारे पन्नास हजार पौंड खर्च वाचला." हा आकडा मात्र मला पाठ झाला होता. पुढे १८६६ मध्ये टॉमसनच्या पद्धतीनं अटलांटिकची तार टिकली, तो सर झाला, आणि ती टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजानंच १८७० मध्ये मुंबई ते एडन तार टाकली. भिंतीवरच्या सॉकेटची आठवण तोवर कुणालाच राहिली नव्हती. दोनशे वेढ्यांची जाड तार सॉकेटला लावली तर ती अडवणार काय आणि थांबवणार काय! फ्यूज उडाला तर नशीब, घर पेटलं तरी परवडलं. पण तिथं हात असला तर घरची वीज बारा व्होल्टसारखी झटका देऊन सोडून देत नाही.

"आमच्याकडे," मी म्हटलं, "संध्याकाळी रोकड जुळली नाही तर खिशातले पैसे घालून जुळवत नाहीत. चुकलेलं व्हाउचर शोधतात. मग रात्रीचे नऊ वाजले तरी चालतील."

"मग शोधा ना मामा व्हाउचर."

आता आली का पंचाईत! मी उगाच बॅटरी जोडली आणि पाहत बसलो. खोलीत अंधार होता म्हणूनच ते दिसलं. बाहेरची टोकं काळीठिक्कर, पण जिथं पट्टी तुटते-जुळते तिथं छान निळी-पिवळी ठिणगी उडत होती. लखलखीत. इतके दिवस दिव्याच्या उजेडात ती आम्हाला दिसलीच नव्हती.

आणि मला वडिलांची स्कूटर आठवली.

वडिलांची स्कूटर हा आमच्या लहानपणीचा व्यायाम होता. ती पावसाळ्यात चालत नसे, हिवाळ्यात सुरू होत नसे आणि उन्हाळ्यात बंद होत नसे. गॅरेजवाला फ्लायव्हीलच्या भोकातून टॉर्च मारून बघायचा आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणायचा, "पॉइंट जळाले साहेब. कंडेन्सर गेला." मग अंगठ्याएवढी एक चकचकीत डबी बदलायचा आणि स्कूटर एका किकमध्ये सुरू. ती डबी काय करते हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. उत्तर पॅरिसला होतं.

पॅरिसमध्ये रुमकोर्फ नावाचा जर्मन कारागीर दुकान चालवत असे. १८५१ पासून तो कॉइली करू लागला आणि पुढे या कॉइलीला त्याचंच नाव पडलं. त्याचीही अडचण हीच. प्रवाह तोडावा तर तो लगेच तुटत नाही, तुटणाऱ्या फटीतून ठिणगी होऊन वाहतच राहतो. म्हणजे ब्रेक हळूहळू लागतो. १८५३ मध्ये फिझो नावाच्या शास्त्रज्ञानं, ज्यानं चार वर्षांपूर्वी दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता त्यानं, उपाय सांगितला. तुटणाऱ्या फटीच्या दोन बाजूंना कंडेन्सर जोडा. प्रवाह तुटताना फटीतून उडी मारण्याऐवजी कंडेन्सरमध्ये शिरतो. फट थंड राहते, प्रवाह कचकन थांबतो आणि सगळा दाब जिथं हवा तिथं, म्हणजे बाहेरच्या टोकांवर जातो. एवढीशी डबी! या सुधारलेल्या कॉइलीबद्दल रुमकोर्फला १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं ठेवलेलं पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं.

(अमेरिकेतल्या पेज नावाच्या माणसानं असल्या गोष्टी १८३६ पासून केल्या होत्या. पण तो सरकारी पेटंट कचेरीत नोकरीला लागला, आणि तिथल्या नोकराला पेटंट घेता येत नसे. अर्ज-विनंत्या करून १८६८ मध्ये खास कायदा झाला आणि पेटंट मिळालं. काही आठवड्यांत तो वारला. हा परिच्छेद कंसात घातला कारण आमच्या खात्यातल्या लोकांना तो वाचवणार नाही.)

दुसऱ्या दिवशी जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं खोक्यातून धूळ झटकून एक कंडेन्सर काढला आणि विचारलं, "कुठली गाडी?" मी म्हटलं, "शिवणयंत्र." त्यानं जास्तीचे पैसे घेतले नाहीत, बहुधा सहानुभूतीनं.

संध्याकाळी नियम ठरले. जोडाजोड करताना बॅटरी काढलेली. चालू असताना कुणी हात लावायचा नाही, आणि जवळ जायचंच तर एक हात पाठीमागे. मामी दारात उभी, हातात रबरी चपला. दिवा घालवला. चिनूनं बॅटरी जोडली.

पट्टीवरची ठिणगी जवळजवळ विझली, आणि दोन खिळ्यांच्या टोकांमध्ये, चर्रर करत, गव्हाच्या दाण्याएवढी निळसर ठिणगी उभी राहिली. कॅलन फादरांच्या पंधरा इंचांपुढे काहीच नाही. पण चिनू काही बोलेना. मीही बोललो नाही. खोलीत पावसाआधी येतो तसा वास सुटला.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे अण्णा, हातात ट्रान्झिस्टर.

"काय लावलंय तुम्ही? बातम्यांत नुसती खरखर! आत्ता थांबली. मघाशी कान किटले."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण चिनू पुढे धावला. "अण्णा, कधी आली खरखर? बरोबर किती मिनिटांपूर्वी?" अण्णा गडबडले. चिनूचे डोळे चमकत होते. "मामा! हर्ट्‌झ!"

आणि खरंच की. १८८७ मध्ये कार्ल्सरूहला हाइनरिख हर्ट्‌झनं अशाच कॉइलीची ठिणगी पाडली, तेव्हा खोलीत लांब ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीत, काही जोडलेलं नसताना, एक बारीक ठिणगी दिसली होती. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा वाजवली तीही असल्या लहरींनीच. आणि इथं एका मजल्याच्या स्लॅबपलीकडे, अण्णांच्या बातम्यांत.

मी अण्णांना आत बोलावून हे समजावलं. ते निवृत्त पोस्टमास्तर. तारेचं नाव काढताच त्यांचा राग उतरला. त्यांनी चष्मा पुसला, कॉइलकडे लांबूनच, दोन्ही हात पाठीमागे बांधून, पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे इथून खाली तार देता येईल म्हणता?"

"दहा मिनिटंच," मी म्हटलं. "मग बंद. बाकीच्यांनाही रेडिओ ऐकायचा असतो."

अण्णा खाली गेले. चिनूनं बॅटरीच्या वायरवर बोट ठेवलं आणि तीन वेळा थोडी थोडी जोडून सोडली. आम्ही खिडकीत कान देऊन उभे राहिलो. मामीसुद्धा.

खालून अण्णांचा आवाज आला, "आली रे, आली! तीनदा!"